वनपिंगळ्यासाठी तानसात एक दिवस

वनपिंगळा शोधायला निघालेल्यांची पहिली चूक घरीच होते. घुबडाच्या कुळातला पक्षी म्हटला की अंधार, टॉर्च आणि दाट झाडी असं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि तयारीही त्याच हिशेबाने होते. या पक्ष्याचं वागणं मात्र उलटं आहे. तो दिवसा जागा असतो, दिवसा शिकार करतो, आणि थंडीच्या सकाळी ऊन अंगावर घेत एखाद्या वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो. त्यामुळे त्याच्यासाठी रात्र जागवायची नसते. पहाटे वेळेवर पोचायचं, योग्य बाजूला उभं राहायचं आणि समोर बसलेला पिंगळा नेमका कोणता हे ओळखायचं, एवढंच काम असतं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, म्हणून या लेखात तिलाच जास्त जागा दिली आहे.

ओळखीवर इतका भर देण्यामागे या पक्ष्याचा इतिहास आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात पहिला नमुना (मारून, आत भरण घालून जपलेला पक्षी) मिळवला आणि पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध करून ब्लेविट यांचंच नाव त्याला दिलं. पुढच्या काही वर्षांत आणखी थोडे नमुने मिळाले, त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातल्या तळोदा-शहादा भागातून गोळा केले होते. सगळे मिळून अवघे सात. १८८४ नंतर पक्षी गायबच झाला. त्यानंतरची एकच नोंद जगापुढे होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याची. गुजरातमधल्या तापीकाठच्या मांडवीला १९१४ मध्ये आपण नमुना मिळवला असा त्याचा दावा होता. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी संग्रहालयातल्या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो नमुना डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला असल्याचं उघड झालं. म्हणजे इतकी वर्षं शोधणारे ज्या ताज्या नोंदीवर विसंबले होते, ती नोंद खोटी होती.

खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सकाळच्या उन्हात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना वनपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षं गेली होती. या काळातला आणखी एक प्रसंग पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. १९६८ मध्ये वनपिंगळ्याचा म्हणून एक फोटो प्रसिद्ध झाला होता, तो नंतर साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा ठरला. फोटो समोर असूनही चूक होऊ शकते, तर पाच सेकंदांच्या दर्शनावर किती विसंबायचं, हे आपलं आपणच ठरवावं.

पुन्हा सापडल्यावर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातलं खकनार अशा सातपुड्यातल्या जागांतून त्याच्या नोंदी झाल्या. मेळघाटात त्याची संख्या सर्वांत चांगली आहे. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात सापडला आणि सातपुड्याबाहेर, सह्याद्रीच्या उत्तर भागातही तो आहे हे कळलं. मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला हा पक्षी एका दिवसाच्या आवाक्यात आला तो तेव्हापासून. २०१८ मध्ये त्याची जागतिक वर्गवारी 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी झाली. नव्या जागा सापडल्याचा त्यात मोठा वाटा आहे, पण जगभरात मिळून प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये तो आहे.

नावाचा घोळ आधीच मिटवून घेऊ. मराठीत या पक्ष्याला वनपिंगळा म्हणतात आणि रानपिंगळाही म्हणतात. अडचण अशी की तानसात हमखास दिसणाऱ्या जंगली पिंगळ्यालाही काही जण रानपिंगळाच म्हणतात. गावातल्या माणसाने "रानपिंगळा रोज दिसतो" असं सांगितलं तर तो बहुधा जंगली पिंगळ्याबद्दल बोलत असतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. वहीत नोंद करताना मराठी नावासोबत शास्त्रीय नावही लिहावं. वनपिंगळा अथेने ब्लेविटी, ठिपकेवाला पिंगळा अथेने ब्रामा आणि जंगली पिंगळा ग्लॉसिडियम रेडिएटम. जुन्या पुस्तकांत वनपिंगळ्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द हेटेरोग्लॉक्स असा सापडेल, पक्षी तोच.

दिवस कोणता निवडायचा? पावसाळ्यात जाऊ नये. झाडं पानांनी भरलेली असतात, पक्षी उघड्यावर बसला तरी दिसत नाही, आणि ढगाळ सकाळी तो ऊन खायला वर येण्याचा प्रश्नच नसतो. ऑक्टोबरपासून पक्षी बोलके होतात, जोड्या जमू लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला अंडी असतात आणि एप्रिल-मेपर्यंत पिल्लांची कामं चालतात. पाहणाऱ्याच्या सोयीने बोलायचं तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम, कारण साग, मोई, सावर, पांगारा यांची पानं गळलेली असतात आणि शेंडे मोकळे दिसतात. पण पक्ष्याच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत नाजूक आहे. म्हणून माझं मत असं की पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर निवडावा. पानं थोडी जास्त असतात, पण पक्षी बोलतो, सकाळी थंडी असल्याने उन्हात जास्त वेळ बसतो आणि ढोलीत अंडी-पिल्लं असण्याची शक्यता कमी असते.

तानसा शहापूर तालुक्यात आहे. मुंबई-नाशिक महामार्गाने शहापूरपर्यंत साधारण ८५-९० किलोमीटर, आणि पहाटे चारच्या सुमाराला मुंबईहून निघालेली गाडी साडेसहापर्यंत जंगलाच्या कडेला पोचते. कसारा लोकलने आसनगाव, आटगाव किंवा खर्डी ही स्थानकं सोयीची आहेत, पण पुढे रस्त्याचा टप्पा उरतो. अगदी पहिली लोकल धरली तरी सूर्योदय गाठणं अवघड जातं. त्यामुळे गाडी नसेल तर आदल्या रात्री शहापूर किंवा खर्डी परिसरात मुक्काम करणं शहाणपणाचं. नोव्हेंबरच्या शेवटी इथे सूर्य सात वाजण्याच्या थोडा आधी उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. सूर्य उगवण्याआधी वीस मिनिटं तुम्ही ठरलेल्या जागी शांत उभे असायला हवेत. साडेआठला पोचून दिवसभर जंगल तुडवणाऱ्यापेक्षा पहिले दोन तास एका जागी काढणाऱ्याला पक्षी दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

हे अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवेश आणि वाटांबाबत वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं आणि जिथे जायला परवानगी आहे तिथेच जावं. आसपासच्या पाड्यांवरचा जाणकार वाटाड्या सोबत असला तर उत्तम. त्याला जंगल माहीत असतं, कोणत्या वाटेवर काल आग लागली होती, कुठे लाकूडतोड्यांची ये-जा आहे, हे तो एका वाक्यात सांगतो. मात्र त्याच्याशी बोलणं करतानाच स्पष्ट सांगावं की ढोलीजवळ न्यायचं नाही, पक्षी उठवायचा नाही आणि दिसला नाही तरी ठरलेली मजुरी पूर्ण मिळेल. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. पैसे दर्शनावर अवलंबून ठेवले की वाटाड्यावर पक्षी दाखवण्याचा दबाव येतो, मग मोबाइलवर आवाज वाजतो, झाडाच्या बुंध्यावर काठी आपटली जाते. त्या काठीमागे आपणच असतो.

सामान कमी ठेवावं. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असावी. १० बाय ४२ चीही चालेल, पण शेंडे चाळताना ८ चं दृश्य रुंद असल्याने काम भराभर होतं आणि हात कमी थरथरतो. ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण एखाद्या गटात एक असली तर पुष्कळ; लांबून पोटाचा रंग ठरवायला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. कपडे मातकट किंवा मळखाऊ हिरवे. पाणी माणशी किमान दोन लिटर, कारण फेब्रुवारीत दहानंतर ऊन चांगलंच तापतं. बुटांबद्दल एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी वाजतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सागवनात चालणारा माणूस शंभर मीटरवरून ऐकू येतो. बूट कितीही मऊ असले तरी फरक पडत नाही. उपाय एकच, बैलगाडीची वाट किंवा कच्चा रस्ता सोडायचा नाही आणि पानांच्या गादीवरून चालायचं असेल तर चार पावलं टाकून थांबायचं.

आता शोध. वनपिंगळ्याला फार दाट जंगल नको असतं. मोकळं पानझडी रान, मधूनमधून गवताळ किंवा उघडी जागा, आणि वर बसायला वठलेल्या फांद्या, अशी मांडणी त्याला आवडते. कारण सोपं आहे, त्याचं खाणं जमिनीवर असतं. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे, कधी लहान पक्षी, कधी बेडूक. वरून खाली बघत बसायचं आणि झेप घ्यायची. म्हणून झाडी आणि उघडी जमीन जिथे भेटतात त्या कडेवर लक्ष ठेवा. घनदाट नाल्यात शिरून वेळ घालवू नका, तिथे जंगली पिंगळा भेटेल.

उभं कुठे राहायचं, हे उन्हावरून ठरवा. पक्षी ऊब घ्यायला बसतो तेव्हा छाती-पोट बहुधा सूर्याकडे असतं. तुम्ही पूर्वेला उभे राहून पश्चिमेकडे पाहत असाल तर ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्याच्या पोटावर पडतं. ओळख पोटावरच ठरते, त्यामुळे ही जागा सर्वांत मोलाची. उलट बाजूला उभे राहिलात तर आकाशापुढे काळी आकृती दिसेल, आणि काळ्या आकृतीत तिन्ही पिंगळे सारखेच. डोंगरउतार असेल तर पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी येतं. तिथे पक्षी मिळाला नाही तर तासाभराने पश्चिमेकडच्या उतारावर ऊन पोचतं, म्हणजे त्याच सकाळी दुसरी संधी मिळते. ही दुसरी संधी फारसं कोणी वापरत नाही, कारण तोवर नाश्त्याची वेळ झालेली असते.

दुर्बिणीने चाळताना झाडांचे शेंडे डावीकडून उजवीकडे एका ओळीत घ्या, प्रत्येक निष्पर्ण झाडावर थांबा, आणि फांदीच्या टोकावर किंवा तुटक्या खुंटावर 'गाठ' दिसली की तिच्यावर पाच सेकंद थांबा. बसलेला पिंगळा लाकडाच्या गाठीसारखाच दिसतो. डोकं वळलं की कळतं. पूर्ण ओळ झाली की दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून, कारण मघाशी रिकाम्या असलेल्या फांदीवर आता ऊन आलेलं असतं.

डोळ्यांआधी कान कामाला येतात. कोतवाल, बुलबुल, शिंजीर, टकाचोर एका झाडाभोवती जमून किरकिर करत असतील तर तिथे कोणीतरी शिकारी आहे. शिक्रा असेल तर तो थोड्या वेळात उडतो आणि गोंधळही त्याच्यामागे सरकतो. साप असेल तर पक्षी खाली, बुंध्याकडे किंवा झुडपाकडे बघून ओरडतात. गोंधळ एकाच झाडावर, मधल्या किंवा वरच्या फांद्यांत, दहा-पंधरा मिनिटं टिकून राहिला तर पिंगळा असण्याची शक्यता चांगली. झाडाखाली पांढरी विष्ठा आणि न पचलेल्या हाडा-पंखांच्या लहान गोळ्या दिसल्या तर बसण्याची जागा नेहमीची आहे एवढं कळतं. त्यावरून जात ठरवायला जाऊ नये.

आवाज जाण्याआधी आठवडाभर ऐकून कानात बसवावेत. ठिपकेवाला पिंगळा म्हणजे कर्कश कलकल, दोघे मिळून भांडल्यासारखे चिरचिरतात. जंगली पिंगळ्याचा आवाज संथ सुरू होतो, मग 'प्राव-प्राव-प्राव' असा वेग घेतो आणि विरतो. त्याला लय असते. वनपिंगळ्याचं गाणं आखूड आणि गोलसर आहे, 'ओ-ओवाव' असं झटकन चढून उतरणारं. जोडीदाराला साद घालताना 'की-याऽ' असा आवाजही काढतो, आणि अर्ध्या सेकंदाहून आखूड असा फुसकाराही. सकाळच्या शांततेत गाणं लांबवर ऐकू येतं, पण दिशा फसवी असते. एकदा ऐकून धावत सुटू नका. दोघांनी वीस-तीस पावलांच्या अंतरावर उभं राहून आपापल्या दिशेला बोट दाखवावं, दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथले शेंडे चाळावेत.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा नाही. हा नियम मी सौजन्य म्हणून सांगत नाही, त्याला कारण आहे. वनपिंगळा आपल्या हद्दीबद्दल फार जागरूक असतो आणि आवाजाला पटकन उत्तर देतो. त्यामुळेच मोह होतो. नर उत्तर द्यायला येतो म्हणजे त्या वेळेची शिकार सोडतो, उघड्यावर येऊन बसतो, ओरडून शिक्र्यासारख्यांना आपली जागा सांगतो. अंड्यांवरच्या मादीला या काळात नरच अन्न पुरवतो. रविवारी लागोपाठ चार गट आले आणि प्रत्येकाने पाच मिनिटं आवाज वाजवला, तर ढोलीतल्या मादीची सकाळ उपाशी जाते. संशोधक आवाज वाजवून मोजणी करतात, पण ते परवानगीने, ठरलेल्या वेळा आणि ठरलेली अंतरं पाळून. मौजेसाठी आलेल्याला ती सवलत नाही. शिवाय वाजवलेल्या आवाजाला इतर पिंगळेही ओरडतात, आणि शोध आणखीच भरकटतो.

समजा शेंड्यावर पिंगळा दिसला. काय पाहायचं? आकारावर जाऊ नका. वनपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर, ठिपकेवाला २१, जंगली २० च्या आसपास. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक साठ मीटरवरून कोणालाही कळत नाही, आणि थंडीत पिसं फुगवून बसलेला ठिपकेवाला पिंगळा चांगला गलेलठ्ठ दिसतो. चुकीच्या ओळखींची सुरुवात बहुतेक वेळा "हा जरा मोठा वाटतोय" याच वाक्याने होते.

पोटापासून सुरुवात करा. वनपिंगळ्याच्या छातीवर जवळजवळ सलग तपकिरी पट्टा असतो, कुशीवर रुंद गडद पट्टे येतात, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग आणि पाय स्वच्छ पांढरे असतात. तपकिरी आणि पांढरा यांची सीमा ठळक दिसते. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या पोटावर खालपर्यंत तपकिरी ठिपके आणि तुटक पट्टे पसरत जातात, अशी कुठे रेषा ओढता येत नाही. जंगली पिंगळा छातीपासून कुशीपर्यंत बारीक पट्ट्यांनी भरलेला असतो, एखाद्या जाड्याभरड्या विणीसारखा.

मग माथा. ठिपकेवाल्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते, मानेवर फिकट पट्टाही असतो. जंगली पिंगळ्याचं डोकं बारीक आडव्या पट्ट्यांचं. वनपिंगळ्याचा माथा राखट तपकिरी आणि जवळपास कोरा. "जवळपास" हा शब्द लक्षात ठेवावा लागतो, कारण फार जवळून पाहिलं तर अगदी पुसट ठिपके दिसू शकतात. आणि उलटही घडतं. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या पिल्लाचा माथा बराच साधा असतो, शिवाय भर उन्हात फोटो जास्त उजळला गेला तर ठिपके पुसले जातात. नुसत्या माथ्यावरून वनपिंगळा ठरवणं धोक्याचं आहे. माथा कोरा आणि पोट पांढरं, दोन्ही मिळायला हवं.

तिसरी खूण पंख आणि शेपटी. वनपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर गडद तपकिरी आणि पांढरे पट्टे रुंद असतात आणि शेपटीचं टोक पांढरं. पक्षी उडाला तर पंखाखाली मनगटाजवळ, म्हणजे पंखाच्या पुढच्या सांध्याशी, गडद डाग दिसतो. हे दिसायला एक क्षण मिळतो, त्यामुळे तो क्षण कॅमेऱ्यात शिरण्यात घालवू नका. चौथी खूण, चोच आणि पाय. शरीराच्या मानाने चोच मोठी, नखं दणकट, आणि पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं, जणू लोकरीचे मोजे घातलेत. वागण्यातही एक खूण आहे. शिकारीच्या तयारीत किंवा अस्वस्थ असताना तो शेपटी डावी-उजवीकडे झटकतो.

या चारपैकी किमान तीन खुणा स्पष्ट दिसल्याशिवाय "वनपिंगळा" लिहू नये. दोन दिसल्या तर "वनपिंगळा असावा, खात्री नाही" असं लिहावं. एकच दिसली तर "पिंगळा, जात अनिश्चित". अशी नोंद करायला कोणालाच आवडत नाही, विशेषतः पहाटे तीनला उठून आल्यावर. पण या पक्ष्याबाबत एका खोट्या नोंदीने आणि एका चुकीच्या फोटोने काय केलं, ते वर आलंच आहे.

फोटोची घाई नको. पक्षी दिसल्यावर पहिली दोन मिनिटं दुर्बिणीतून खुणा मोजाव्यात, मग कॅमेरा. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर पन्नास मीटरवरूनही ओळखीपुरता फोटो मिळतो. नेहमीची चूक अशी होते की पांढरं पोट उन्हात जळून जातं आणि कॅमेऱ्यात पांढरा गोळा उमटतो. गडद पार्श्वभूमी असेल तर कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) दोन-तृतीयांश पायरी उणा करावा. आकाशापुढे बसलेला असेल तर उलट, थोडा अधिक. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटरवेग पुरतो, लेन्स हातात असेल तर १/८०० धरा. फ्लॅश वापरायचा नाही. दहा वाजून गेल्यावर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ येतात. लेन्सला दोष देऊ नका, तेव्हा फोटो बंद करून नुसतं पाहावं.

अंतराचा माझा हिशेब सांगतो. तीस मीटरच्या आत मुद्दाम जाऊ नये. पक्षी मान ताठ करून सडपातळ झाला, तुमच्याकडे टक लावून खाली-वर डोकं हलवू लागला किंवा शेपटी झटकू लागला तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. मागे सरका, तेही हळू. तोंडात सरडा घेऊन बसलेला आणि खाली न उतरणारा पक्षी दिसला तर ढोली जवळच आहे आणि तुम्ही तिच्या आड आला आहात. अशा वेळी ढोली शोधायची नसते, तिथून निघायचं असतं. पक्षी एकाच फांदीवर बराच वेळ थांबतो, म्हणून वीस जण पंधरा-पंधरा मिनिटं उभे राहिले तरी "त्याला काही वाटत नाही" असं लोक म्हणतात. शिकार टाळून, स्तब्ध बसून राहणं हीसुद्धा अस्वस्थतेचीच खूण असू शकते. गट चारचा असावा, फार तर सहाचा. दर्शन झाल्यावर वीस मिनिटांत जागा सोडावी.

साडेनऊ-दहापर्यंत काही मिळालं नाही तर दुपारच्या उन्हात जंगल पालथं घालू नये. ऊन चढलं की पक्षी सावलीत, पानांच्या आत सरकतो. हा वेळ जलाशयाच्या कडेला किंवा सावलीत बसून काढा आणि चारला पुन्हा कडेच्या मोकळ्या जागेवर या. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असल्याने तुमची बाजूही बदलते, आता पश्चिमेला उभं राहून पूर्वेकडे पाहायचं. सकाळइतकी खात्री संध्याकाळी नसते, पण आवाज ऐकू येण्याची शक्यता असते. अंधार पडण्याआधी अभयारण्यातून बाहेर पडावं. पक्षी दिवसाचा आहे, रात्री थांबून मिळण्यासारखं काही नाही.

वही घरी जाऊन भरायची ठेवू नका, गाडीत बसण्याआधी भरा. वेळ, जंगलाचा प्रकार, झाड आणि बसण्याची उंची, ऊन-ढग, दिसलेल्या खुणा एकेक, न दिसलेल्या खुणाही, आवाज, काय खात होता, सोबत कोणते पक्षी गोंधळ घालत होते, आणि तुम्ही किती दूर होतात. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना झाडावर नेमकी खूण न टोचता अभयारण्याच्या सामाईक ठिकाणावर टाका. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर विणीचा हंगाम उलटल्यावर टाका, जागेचा उल्लेख तालुक्यापुरता ठेवा आणि फोनमधली जागेची माहिती फाइलमधून काढून टाका. घुबडांना अंधश्रद्धेपायी आजही पकडलं जातं, ढोलीचा पत्ता चुकीच्या हाती पडायला एक फोटो पुरतो.

वनपिंगळा दिसला नाही तरी यादी भरायची. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती अंतर चाललात, कोणत्या वाटेवर, किती ठिपकेवाले, किती जंगली पिंगळे. गेल्या वर्षी ज्या कडेवर तो होता तिथे यंदा तीन सकाळी मिळाला नाही, ही माहिती तिथली वठलेली झाडं सरपणाला गेली का, वणवा लागला का, हे तपासायला उपयोगी पडते. "दिसला नाही" हे दोन शब्द, वेळ आणि वाट यांच्यासह, वहीत लिहा आणि मगच गाडी सुरू करा.